नागपूरने दार उघडले होते

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, जालना

विषय : लिहिण्याबोलण्यामुळे आपापल्या देशातून हाकलल्या गेलेल्यांना आसरा मिळण्याबाबत, तसेच आपल्या जिल्ह्यात व राज्यात लोकांच्या बोलण्यावर येणाऱ्या बंधनांबाबत मागण्या.

महोदय,

आम्ही राजूर आणि आसपासच्या गावांतले वार्ताहर, शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि वृत्तपत्र विक्रेते आहोत. राजूर म्हटले की लोकांना गणपती आठवतो. गणपतीच्या साडेतीन पीठांतले हे एक पूर्ण पीठ; अंगारकीला इथे आदल्या रात्रीपासून रांगा लागतात. अशा गावाने जगातल्या हुकूमशाहीविषयी सरकारला पत्र का लिहावे, हा प्रश्न आपल्या कार्यालयात कुणालाही पडेल. आमचे उत्तर असे की आमच्या आजोबा-पणजोबांनी हुकूमशाही भोगलेली आहे. तिच्यातून सुटताना त्यांना राज्याबाहेरच्या माणसांचा हात मिळाला होता. तो हात नेमका कसा मिळाला, हे आम्ही आधी सांगतो. मागण्या त्यातूनच आल्या आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुनी माणसे अजूनही त्या काळाला ‘मोगलाई’ म्हणतात. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी, असा हुकूम होता. त्याचे नाव गश्ती निशाण ५३. वक्ता कोण, विषय कोणता, सभा कुठे, हे सगळे आधी कळवायचे आणि होकाराची वाट बघत बसायचे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच, १९३८ मध्ये, बंदी आली. ती उठली १९४६ मध्ये. मधली आठ वर्षे माणसे तुरुंगात गेली, सुटली आणि पुन्हा गेली.

जग त्या वेळी काय बघत होते? फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने निजामाचे चित्र मुखपृष्ठावर छापले, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्याच वर्षी आमच्याच आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठवाड्याच्या माणसांनी आपल्या हक्कांविषयी एकत्र येऊन बोलण्याचा तो प्रारंभ होता. परतूरची बातमी त्या साप्ताहिकात आली असती तरी इंग्रज सरकारने काही केले असते असे आम्हाला वाटत नाही, कारण निजाम हा त्यांचा विश्वासू दोस्त होता आणि तसा किताबच त्यांनी त्याला दिलेला होता. पण जगाची नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे आम्ही त्या वर्षावरून शिकलो.

मग मदत कुठून आली? ती शेजारून आली. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ च्या फेब्रुवारीत ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले ते पुण्याहून, कारण मराठवाड्याचे दुःख मराठवाड्यात छापणे शक्य नव्हते. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलून पत्र काढले. पुन्हा बंदी आली, पुन्हा नाव बदलले. असे कितीतरी वेळा झाले, आणि अंक चोरून हद्दीच्या आत येत राहिले. पुण्यातही राज्य इंग्रजांचेच होते. तरी तिथे छापखाना मिळाला, कागद मिळाला, आणि पत्रावर नाव घालणाऱ्या माणसाला रात्री निजायला जागा मिळाली. हेच पत्र पुढे औरंगाबादला आले आणि अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली दैनिक म्हणून आमच्या घराघरांत पोचले. आमच्या गावातल्या कित्येकांना वृत्तपत्र वाचण्याची सवय त्याने लावली.

त्याच १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचे ठरवले. त्यांना म्हणू दिले नाही. मुले हटली नाहीत. त्यांची नावे काढून टाकली गेली. गाणे म्हटले म्हणून शिक्षण बंद. घरून पैसे येणे कठीण, आणि संस्थानात दुसरीकडे कुठे प्रवेश मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा नागपूर विद्यापीठाने, टी. जे. केदार कुलगुरू असताना, या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. निषेधाचा ठराव करून विद्यापीठ मोकळे होऊ शकले असते. त्याने वर्गात बाक दिले. नागपूरला शिकायला गेलेल्या त्या मुलांत पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रवेश देताना नागपूरला ते ठाऊक नव्हते, आणि आम्हाला त्या कृतीचे मोल त्यामुळेच जास्त वाटते. मुले कोण होणार हे न बघता तिथे नावे लिहून घेतली गेली.

आता दुसरी बाजू. २१ ऑगस्ट १९४८ ही तारीख आम्ही आपल्या नजरेस आणतो. त्या दिवशी हैदराबाद सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रारीची तार केली: आमच्यावर अन्याय होतो, जगाने लक्ष घालावे. त्याच रात्री हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान कचेरीतून घरी निघाले असता निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांनी त्यांना गाठले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांचा हात तोडला. २२ तारखेला ते गेले. संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे म्हणणाऱ्या मुस्लिम पुढाऱ्यांचे निवेदन त्यांनी छापले होते. वय अठ्ठावीस पुरे नव्हते. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचा प्रश्न आला, तोवर भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ संपत आली होती. त्या तक्रारीतला ‘अन्याय’ राजाचा होता. शोएबुल्ला खानांचा हात त्या कागदांत नव्हता.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १० डिसेंबर १९४८ रोजी, त्याच पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या १९ व्या कलमाने प्रत्येक माणसाला मत बाळगण्याचे आणि सरहद्दींची पर्वा न करता माहिती घेण्या-देण्याचे स्वातंत्र्य दिले. पहिल्या कलमात ‘पुरुष’ या अर्थाचा शब्द होता, तो बदलून ‘सर्व माणसे’ अशा अर्थाचा शब्द आला तो आपल्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. मराठवाडा तेव्हा नुकताच मोकळा झाला होता. ते १९ वे कलम आम्ही आपले मानतो. ते मिळण्याआधी त्याची किंमत आमच्या मुलखाने चुकती केली आहे.

इतके जुने सांगण्याचे कारण असे. परक्या देशात कुणाचे तोंड बंद केले जाते तेव्हा जग तीन प्रकारे वागते, असे आम्हाला दिसते. काही देश आपला व्यवहार बघून गप्प बसतात. काही पत्रक काढतात. आणि थोडे लोक त्या माणसाला जागा देतात. यांतला पत्रकाचा मार्ग आम्ही क्षुल्लक मानत नाही. आणीबाणीत तो आपल्यालाच उपयोगी पडला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या सुटकेसाठी जाहिरात आली होती. जून १९७६ मध्ये जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले तेव्हा त्यांच्या जिवाविषयी विली ब्रांट, ब्रुनो क्राइस्की आणि ओलोफ पाल्मे यांनी काळजी कळवली. तुरुंगात कुणावर हात टाकताना, बाहेर कुणीतरी विचारणारे आहे, एवढे जाणवणेही पुष्कळ असते. आमच्यातले एक ज्येष्ठ सांगतात, त्या दिवसांत ट्रान्झिस्टर उशीशी घेऊन, आवाज बारीक करून, गोधडीखाली बीबीसी ऐकायचे. आपल्याच देशाची बातमी सातासमुद्रापलीकडून यायची. शेजारचा कुणी आला की ते स्टेशन बदलून विविध भारती लावत.

मात्र त्याच काळात सगळ्यांत मोलाचे काम घरच्या माणसांनी केले, हेही विसरता येत नाही. दुर्गा भागवतांनी डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि पुढे तुरुंग पत्करला. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या खटल्यात १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरला चाप लावला. बाहेरचा आधार तेव्हाच टिकतो, जेव्हा आत कुणीतरी उभे असते. म्हणून आमच्या मागण्यांपैकी काही दिल्लीकडे व जगाकडे बघणाऱ्या आहेत आणि काही थेट आपल्या जिल्ह्याकडे. दोन्ही एकाच पत्रात घातल्या आहेत, कारण ज्याच्या घरात बोलता येत नाही तो दुसऱ्याला कोणत्या तोंडाने ओसरी देणार?

पहिली मागणी विद्यापीठांविषयी आहे आणि ती आम्हाला सर्वांत जवळची आहे. लिहिले, बोलले, मोर्चात गेले म्हणून आपल्या देशातल्या कॉलेजातून किंवा नोकरीवरून काढून टाकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी आणि अध्यापकांसाठी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शासकीय विद्यापीठात दरवर्षी निदान दोन जागा राखून ठेवाव्यात. फी माफ असावी, वसतिगृहात खोली असावी, आणि मूळ कागदपत्रे हाती नाहीत एवढ्या कारणाने प्रवेश अडू नये. पळून आलेल्या माणसाकडे ‘ट्रान्सफर सर्टिफिकेट’ कुठून असणार? नागपूरला आलेल्या त्या मुलांची नावेही कॉलेजातून काढून टाकलेलीच होती. याचा प्रारंभ नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठापासून व्हावा. स्वामीजींनी निजामाच्या तुरुंगात वर्षे काढली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला हे शोभून दिसेल. त्यानंतर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर.

हे अशक्य नाही. बेलारूसमध्ये २००४ साली सरकारने एक अख्खे विद्यापीठ, युरोपियन ह्युमॅनिटीज युनिव्हर्सिटी, बंद पाडले. शेजारच्या लिथुआनियाने, आपल्या महाराष्ट्राच्या कित्येक पट लहान असलेल्या देशाने, त्याला व्हिल्नियसला जागा दिली आणि ते आजही तिथे चालते. रशियात ‘नोवाया गझेटा’ला २०२२ मध्ये प्रकाशन थांबवावे लागले, तेव्हा तिच्या काही पत्रकारांनी लाटव्हियाच्या रिगा शहरातून नवे पत्र काढले. आमच्या वाघमाऱ्यांनी पुण्याला केले तेच हे. जगातली सत्तरहून अधिक शहरे आज देश सोडावा लागलेल्या लेखकांना राहायला घर आणि काही काळ पुरेल इतके मानधन देतात. त्यांत मुंबई किंवा पुणे का नसावे? मुंबईत तर पेन या लेखकांच्या जागतिक संस्थेची भारतीय शाखा सोफिया वाडिया यांनी १९३३ मध्येच सुरू केली होती. म्हणजे परंपरा आहे. फक्त घराची किल्ली कुणीतरी द्यायची आहे.

याला खर्च येतो आणि कधी राजकीय किंमतही मोजावी लागते, हे आम्हाला कळते. २०१० मध्ये चिनी लेखक लिऊ शियाओबो यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले तेव्हा चीनने नॉर्वेशी संबंध जवळजवळ तोडले; ते सुरळीत व्हायला २०१६ उजाडले. नॉर्वेच्या मासे विकणाऱ्यांना त्याची झळ बसली. आपल्यावरही असे दडपण येईल. म्हणून आम्ही सरकारने परक्या देशाविरुद्ध भाषणे करावीत असे म्हणत नाही. विद्यापीठाने विद्यार्थी घ्यावा, एवढेच म्हणतो.

दुसरी मागणी केंद्र सरकारकडे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे छळातून पळून आलेला पत्रकार आणि व्हिसा संपूनही राहिलेला पर्यटक कायद्याला एकच दिसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथले पत्रकार सरहद्द ओलांडून आपल्या ईशान्येकडे आले. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने अशा सात जणांना, ज्यांत पत्रकार होते, दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ देण्याचा आदेश दिला. न्यायालयाने घटनेच्या २१ व्या कलमाचा आधार घेतला. प्रत्येकाला असे न्यायालय, असा वकील मिळणार नाही. म्हणून आसऱ्याचा कायदा करावा. महाराष्ट्राला यात नवखे काही नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि तिथली माणसे थंडीत स्वेटर विकायला आमच्या जालन्यापर्यंत येतात.

तिसरी, थोडक्यात. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला. आणीबाणी संपून दोनच वर्षे झाली होती. त्या सामील होण्यामागे ती ताजी जखम होती असे आम्ही मानतो. पण नागरिकाला थेट तक्रार करू देणाऱ्या त्याच्या पुरवणी करारात आपण अजून नाही. त्यात सामील व्हावे. करारानुसार द्यायच्या अहवालाची तपासणी १९९७ नंतर थेट २०२४ च्या जुलैमध्ये जिनिव्हात झाली. सत्तावीस वर्षांचे अंतर पुन्हा पडू नये, आणि अहवाल व त्यावरचे शेरे मराठीत उपलब्ध व्हावेत.

आता आमच्या दारातले.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाची भाषणे सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला होता. पुढे आंदोलन पेटले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पुन्हा. बीडमध्ये घरे जाळली गेली होती, प्रशासनासमोरची चिंता खरी होती, हे आम्ही मान्य करतो. तरी त्या दिवसांत राजूरमध्ये काय घडले ते सांगतो. मंदिराच्या पायथ्याशी दुर्वा-जास्वंदीचे ताट विकणाऱ्या एका मावशींकडे सुटे पैसे देणारे गिऱ्हाईक दहातले दोन. बाकीचे मोबाइल पुढे करायचे, चक्र फिरत राहायचे, आणि मावशी ‘राहू द्या, पुढच्या चतुर्थीला द्या’ म्हणायच्या. कुणीतरी येऊन सांगितले की शेजारच्या गावात गाड्या पेटवल्या. खरे की खोटे, बघायला साधन नाही. संध्याकाळपर्यंत ती बातमी तीन गावांत पोचली. आमचा एक वार्ताहर पेनड्राइव्ह खिशात घालून दुचाकीवरून हद्दीबाहेर गेला, कारण ‘असे काही झालेले नाही’ हे छापायला पाठवायचे होते. इंटरनेट बंद केल्याने अफवा थांबत नाही. तिला खोडणारा तेवढा थांबतो.

आम्ही नंतर एका कार्यालयात बंदीच्या आदेशाची प्रत मागितली. ‘वरून आले होते’ एवढेच उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की असा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, तो बेमुदत असता कामा नये, आणि त्याचा फेरविचार झाला पाहिजे. म्हणून चौथी मागणी : यापुढे जिल्ह्यात इंटरनेट बंद करायचे असेल तर कारण, गावे आणि वेळ लिहिलेला आदेश मराठीत त्याच दिवशी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि बसस्थानकावर लावावा, फेरविचार समितीचा निर्णयही तिथेच लावावा. बंदीच्या काळात निदान ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि वार्ताहरांसाठी एक तारजोडणी चालू ठेवावी.

पाचवी : पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा कागदावरून ठाण्यात यावा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही असे आहे. पण वाळूच्या गाडीचा फोटो काढला म्हणून तालुक्याच्या वार्ताहराला धक्काबुक्की होते, तेव्हा बहुतेक वेळा साधी अदखलपात्र नोंद होते. या कायद्याखाली जिल्ह्यात किती गुन्हे नोंदले गेले, किती सुटले, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावे. अर्धवेळ, मानधनावर काम करणाऱ्या ग्रामीण वार्ताहरालाही त्याचे संरक्षण मिळावे, असे ठाणेदारांना लेखी कळवावे. आमच्यातल्या बहुतेकांकडे ओळखपत्र आहे, नेमणुकीचा कागद नाही.

सहावी : विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात बेकायदा कृत्याच्या व्याख्येत तोंडी व लेखी शब्द, खुणा आणि चित्रेही घेतली आहेत. हिंसेला चिथावणी नसलेले लिखाण, भाषण, भजन, कलापथक आणि शांततेचा मोर्चा यांना ती व्याख्या लागू नाही, असे त्यातच शब्दांत घालावे. गश्ती निशाण ५३ ची सुरुवातही सुव्यवस्थेच्या नावानेच झाली होती, म्हणून आम्ही आज सावधपणे विनंती करतो.

सातवी आणि शेवटची मागणी लहान आहे. वाघमाऱ्यांच्या साप्ताहिकाचे बदलत्या नावांनी निघालेले अंक, ‘वंदे मातरम्’ प्रकरणातली विद्यापीठाची कागदपत्रे आणि ‘इमरोज’चे जे अंक मिळतील ते, राज्य अभिलेखागाराने शोधून, स्कॅन करून कुणालाही फुकट बघता येतील असे ठेवावेत. कागद पिवळा पडून गळतो आहे. ‘इमरोज’ उर्दूत आहे; त्यातल्या निवडक लेखांचे मराठी भाषांतर आमच्या शाळांत जावे. निजामाविरुद्ध लिहिणारा तो संपादक मुसलमान होता, हे आमच्या मुलांना माहीत असायला हवे.

येत्या १७ सप्टेंबरला भोकरदनला ध्वजवंदन झाल्यावर आमच्यातले पाच जण तहसील कार्यालयात येतील. त्या वेळी चौथ्या आणि पाचव्या मागणीचे उत्तर जिल्हा प्रशासनाने लेखी द्यावे; त्यांसाठी मुंबई-दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. उरलेल्या मागण्या पुढे पाठवल्याची पोच त्याच दिवशी मिळावी, म्हणजे पाठपुरावा कुणाकडे करायचा ते आम्हाला कळेल.

कळावे,

आपले विश्वासू,
राजूर व परिसरातील वार्ताहर, शिक्षक, वाचनालय कार्यकर्ते आणि वृत्तपत्र विक्रेते
राजूर, ता. भोकरदन, जि. जालना

प्रत माहितीसाठी : कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड; कुलगुरू, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर